सँक्टी मिडग्लीचं हॅम

मिस मिडग्ली माझ्या शेजारच्या घरात राहायच्या. दोन्ही घरांना मधली भिंत एकच. सकाळी त्या शेगडीतली राख खाली पाडायला लागल्या की माझ्या फडताळातल्या बश्या किणकिणायच्या. इतकी वर्षं इतक्या जवळ राहून मी त्यांना कितपत ओळखत होतो, असं कुणी विचारलं तर मला खाली बघावं लागेल. सोमवारी धुणं, गुरुवारी पाव भाजणं, शुक्रवारी दाराची पायरी दगडानं घासून तिच्या कडेला पिवळी रेघ ओढणं, रविवारी दोन वेळा चॅपल. एवढं मला ठाऊक होतं, पण ते तर आमच्या गल्लीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. त्यांच्या मनात काय होतं ते मला एकाच दुपारी कळलं, तेही थोडंसंच. त्या दुपारचं मी सांगणार आहे. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, पण तिथे होते त्यांतला आता मीच उरलो आहे.

मिस मिडग्लींच्या लहानपणी चॅपलमध्ये मुलांकडून दारू न पिण्याची शपथ घेत आणि कोटाला एक निळी फीत टाचून देत. बाकीच्यांच्या फिती केव्हाच कुठे कुठे हरवल्या. यांची होती. विटली की त्या नवी शिवायच्या. एकोणीसशे साठ साल उलटून गेलं, गल्लीत टेलिव्हिजन आले, तरी त्यांच्या कोटावर निळी फीत होतीच. चॅपलहून घरी येताना वाटेत वळणावर पॅकहॉर्स नावाचा पब लागतो. तो जवळ आला की त्या रस्ता ओलांडून समोरच्या फुटपाथवर जायच्या आणि पब मागे पडला की पुन्हा अलीकडे यायच्या. पाऊस असो, चिखल असो. आत खिडकीशी बसलेले लोक वाट बघत असायचे.

"आली, आली. आता ओलांडणार बघ."

"ओलांडला!"

मग सगळे ग्लास वर व्हायचे.

त्या खिडकीत त्यांचा सख्खा धाकटा भाऊ बसलेला असायचा. सेथ मिडग्ली. लग्न त्यानंही केलं नाही आणि बहिणीनंही नाही, दोघं त्याच घरात वाढली आणि त्याच घरात राहिली. दिवसा तो गिरणीत लोकर पिंजायच्या खात्यात काम करायचा आणि संध्याकाळी गावच्या बँडमध्ये युफोनियम वाजवायचा. पोटाशी धरायचं भलंमोठं पितळी वाद्य ते. मी त्याच्या शेजारी हॉर्न वाजवायचो, अगदी हळू. चुकलं तर ऐकू जाऊ नये म्हणून. सेथ मात्र चुकला तरी मोठ्यानं चुकायचा. तालीम संपली की सगळा बँड पॅकहॉर्समध्ये.

'सँक्टी' हे नाव त्यानंच ठेवलं. एका रविवारी बाहेरगावचा उपदेशक आला होता आणि चॅपलच्या वार्षिक उत्सवासाठी बँडही बसला होता. देवासमोर उभं राहून 'मी इतरांसारखा पापी नाही' असं सांगणाऱ्या माणसांवर तो बोलला आणि बोलता बोलता त्यानं एक भारदस्त शब्द वापरला. सँक्टिमोनियस. सेथला युफोनियमवर एखादा नवा सूर सापडावा तसा आनंद झाला. संध्याकाळी पबमध्ये त्यानं तो शब्द टेबलावर ठेवला.

"आमची क्लॅरिस. ती आहे हे."

"काय आहे?"

"सँक्टि... सँक्टिमोनियस. म्हणजे देवाच्या घरची किल्ली आपल्याच पदराला बांधलीय असं समजणारी."

"एवढा मोठा शब्द घरी नेशील कसा रे?"

"अर्धा इथेच ठेवतो," सेथ म्हणाला, आणि त्या संध्याकाळपासून त्या सँक्टी झाल्या. पुढे पोरंसुद्धा म्हणू लागली. सेथ तर घरात, तोंडावर म्हणायचा. भिंतीतून ऐकू यायचं, "सँक्टी, माझे मोजे कुठायत?" आणि तितक्याच शांतपणे उत्तर, "जिथे काढून टाकलेस तिथेच."

मला तो शब्द नीट कळला नव्हता. विचारायची लाज वाटली, म्हणून एका शनिवारी मी गावच्या वाचनालयात जाऊन मोठा शब्दकोश उघडला. स्वतःच्या पवित्रपणाचा आव आणणारा, साळसूद, असा अर्थ दिला होता. पण खाली बारीक अक्षरांत त्याची जुनी हकीकत होती. लॅटिनमध्ये 'सँक्टस' म्हणजे पवित्र. त्यावरून 'सँक्टिमोनिया', म्हणजे पवित्र वागणं. इंग्रजीत आला तेव्हा हा शब्द खऱ्याखुऱ्या भल्या माणसालाही लावत असत. पण त्याच सुमाराला, साडेतीनशे वर्षांपूर्वी, लोक तो टोमणा म्हणूनही मारू लागले आणि हळूहळू टोमणा तेवढा उरला. मला त्या शब्दाची दया आली. त्यानं काय केलं होतं? पवित्रपण अंगरख्यासारखं वरून घालून फिरणारे लोक फार झाले असतील, आणि त्यांच्याबरोबर तोही बदनाम झाला. हे मी कुणाला सांगितलं नाही. पबमध्ये सांगितलं असतं तर मलाच सँक्टी म्हणाले असते.

नंतर एका हिवाळ्यात सेथचा खोकला छातीत उतरला. पिंजण खात्यातल्या माणसांचा खोकला वसंत ऋतूपर्यंत जातो किंवा माणसाला घेऊन जातो. सेथचा जाणार नाही हे त्याला आमच्या आधी कळलं. मी त्याच्याजवळ डॉमिनो खेळायला जाऊन बसायचो. एका दुपारी मिस मिडग्ली सूप घेऊन वर आल्या तेव्हा तो म्हणाला, "क्लॅरिस, मला हॅम घालून पुरायचं."

"ते काय सांगायला हवं?"

आमच्याकडे ते सांगावं लागत नाही. माणूस पुरून आलं की चहापान, आणि त्यात उकडलेलं हॅम, म्हणजे डुकराची खारवलेली मांडी, असलंच पाहिजे, जाड कापांचं. नुसता केक आणि बिस्किटं देऊन पुरलेल्या माणसाबद्दल लोक पुढे कितीतरी वर्षं हळू आवाजात बोलतात.

"ऐक तर. सगळे एका टेबलावर हवेत. बँड, चॅपलच्या बायका आणि तू. निम्मे इकडे, निम्मे तिकडे असं नको. जन्मभर तेच झालं."

मिस मिडग्लींनी सूपची वाटी त्याच्या हातात दिली.

"शब्द दे ना, सँक्टी."

"दिला. आता सूप पी."

आठवडाभरात तो गेला. शब्द मात्र दिला होता, आणि मी तिथे बसलेला असल्यामुळे तो मलाही ऐकू आला होता.

तो पाळणं किती अवघड होतं ते सांगायला हवं. आमच्या बँडची एक रीत आहे. आपला माणूस पुरला की तिथून सरळ पॅकहॉर्समध्ये जायचं, त्याचं वाद्य त्याच्या नेहमीच्या स्टुलावर ठेवायचं, समोर भरलेला ग्लास ठेवायचा आणि सगळ्यांनी उभं राहून आपापला ग्लास संपवायचा. कुठलाही बँडवाला ही रीत सोडणार नाही. चहापान मात्र चॅपलच्या शाळेच्या खोलीत व्हायचं, कारण एवढी माणसं मावतील अशी दुसरी जागा गावात नव्हती. एक होती, पॅकहॉर्सची मागची खोली. पण मिस मिडग्लींसाठी ती नसल्यातच जमा.

सेथ गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी एलिस हेबलथ्वेट त्यांच्याकडे आले. चॅपलचे कारभारी, किल्ल्या त्यांच्याकडे. मी हॅमसाठी मोठं भांडं उतरवून द्यायला गेलो होतो आणि मला जा असं कुणी म्हटलं नाही, म्हणून तिथेच राहिलो. एलिसनी खुर्ची ओढली, चहात भरपूर साखर घातली आणि हनुवटी वर केली.

"क्लॅरिस, खोली तुझीच आहे. पण तोंडाला बियरचा वास येणारा माणूस मी तिच्या उंबऱ्याआत घेणार नाही. ढोलवाल्या जॉशुआला पुरलं त्या वेळी किटलीतून काय ओतलं जात होतं ते मी विसरलो नाही. तुझ्यासारख्या बाईला हे सांगायला नको."

"बँड आधी पबमध्ये जाणार, एलिस. ती त्यांची रीत आहे."

"मग रीत निवडावी किंवा हॅम निवडावं. अशा वेळी आपण ठाम राहिलं की बाकीच्यांना उदाहरण मिळतं."

"कुणाला?"

"सगळ्या गावाला."

मिस मिडग्ली हॅमवर बोट दाबून बघत होत्या. मागे न वळता म्हणाल्या, "मिसेस हेबलथ्वेटचं एल्डरबेरीचं औषध अजून लागू पडतं का रे तुझ्या छातीला?"

एलिस लाल झाले. एल्डरबेरीची फळं सहा महिने बाटलीत मुरवून काय तयार होतं ते गावात सगळ्यांना माहीत आहे, पण घरी केलेलं आणि चमच्यानं घेतलेलं दारूत मोजायचं नाही असं चॅपलच्या लोकांनी आपसात ठरवून टाकलंय.

"ते औषध आहे."

"असेल. मी नाही कुठे म्हटलं?"

एलिस गेल्यावर त्यांनी हॅम पाण्यात भिजत घातलं. गल्लीत बोलणं सुरू झालं. 'सँक्टी शपथ मोडणार नाही, बँड रीत मोडणार नाही, बिचारा सेथ दोन तुकड्यांत पुरला जाणार.' खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटलं. मी रात्री हॉर्न पुसत बसलो आणि दुसरं काही सुचलं नाही.

पुरायच्या दिवशी बर्फ वितळून नुसता राडा झाला होता. आम्ही थडग्याशी वाजवलं. सेथ नसल्यामुळे तळाचे सूर रिकामे राहत होते आणि आम्ही ते तसेच राहू दिले. मग बँड खाली पॅकहॉर्सकडे निघाला, चॅपलच्या बायका हातातली ताटं सांभाळत शाळेच्या खोलीकडे वळल्या. मिस मिडग्ली मला म्हणाल्या, "सिरिल, तू माझ्याबरोबर घरी चल."

घरी हॅम तयार होतं. कातडी काढलेलं, वर पावाचा भुगा थापलेला, त्यांच्या आईच्या निळ्या ताटात. ते त्यांनी स्वतः उचललं. माझ्या हातात एका वाडग्यात कालवलेली मोहरी दिली. "सांडू नको." आणि आम्ही खाली निघालो.

पॅकहॉर्सच्या अलीकडे एक दिव्याचा खांब आहे, त्या जिथे रस्ता ओलांडायच्या तो. तिथे त्या थांबल्या. खिडकीत माणसं दिसत होती. आज कुणी 'आली, आली' म्हणत नव्हतं. त्यांनी एकदा समोरच्या फुटपाथकडे बघितलं. हॅम जड होतं, निळी फीत कोटावर होतीच. मग त्या सरळ पुढे चालत गेल्या.

"दार उघड, सिरिल."

मी उघडलं. आत सगळी तोंडं दाराकडे वळली. पबवाल्या हॉरेसच्या हातातलं फडकं ग्लासातच राहिलं. मिस मिडग्लींनी पाय पुसले, सगळ्यांवरून एक नजर फिरवली आणि विचारलं, "मोठं टेबल कुठलं?"

"मागच्या खोलीत," हॉरेस म्हणाला. "क्लॅरिस... म्हणजे मिस मिडग्ली... काय घेणार?"

कुणीतरी हसू आवरलं. त्यांनी त्या दिशेला बघितलंच नाही.

"चहा. आणि पाण्याला नुसती पत्ती दाखवून आणू नको, कडक कर. सगळ्यांना पुरेल एवढा."

"इथे चहा कधी कुणी मागितला नाही हो."

"मग आज शीक."

त्या सेथच्या स्टुलाजवळून गेल्या. युफोनियम तिथे ठेवलेलं होतं आणि समोर भरलेला ग्लास. आमचा बँडमास्तर व्हर्नन घाईघाईनं तो ग्लास उचलायला धावला.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "त्याचा आहे तो. तुम्ही तुमचं आधी करून घ्या, मी थांबते."

आणि आम्ही उभे राहून आपापले ग्लास संपवत होतो तेव्हा त्याही ताट घेऊन उभ्या राहिल्या, आमच्यासारख्याच ताठ. मी आयुष्यात फार थोड्या गोष्टींचा अभिमान धरला. त्या ओळीत त्यांच्या शेजारी उभा होतो ही त्यांतली एक.

बातमी वर शाळेच्या खोलीत पोचायला वेळ लागला नाही. बायका आपापली ताटं घेऊन खाली आल्या आणि समोरच्या फुटपाथवर घोळक्यानं उभ्या राहिल्या. पुढे कुणी येईना. शेवटी मिसेस हेबलथ्वेट पुढे आल्या, हातात 'पाय', सफरचंद भरून भाजलेला.

"ॲडा!" एलिस मागून म्हणाले. "कुठे चाललीस?"

"पाय गार होतोय," त्या म्हणाल्या. "आणि माझे पायसुद्धा." आणि रस्ता ओलांडून आत आल्या. त्यांच्यामागे बाकीच्या. पॅकहॉर्सच्या मागच्या खोलीत चॅपलच्या बायका हॅट न काढता बसल्या आणि बँडवाल्यांनी त्यांना खुर्च्या पुसून दिल्या. सुरुवातीला नुसता काट्यांचा आवाज. मग कुणीतरी सेथनं उत्सवात स्वतःची टोपी बेलमध्ये अडकवून घेतली होती ती गोष्ट काढली, बेल म्हणजे वाद्याचं तोंड, आणि ॲडाबाई इतक्या हसल्या की त्यांना पाठीत थोपटावं लागलं. एक टेबल होतं. सगळे त्याच्याभोवती होते. मी दोनदा मोजायला सुरुवात केली आणि दोन्ही वेळा डोळे भरून आल्यामुळे सोडून दिली.

सगळे म्हणजे एलिस सोडून. ते समोरच्या फुटपाथवर राड्यात तसेच उभे होते. आमच्यातल्या एकानं खिडकीशी जाऊन म्हटलं, "आज ओलांडणारा दुसराच दिसतोय." हशा पिकला. मिस मिडग्ली उठल्या. मला वाटलं आता बाहेर जाऊन दोन शब्द सुनावतील, आणि तो हक्क त्यांचा होता. त्यांनी ताटलीत हॅमचे चांगले जाड काप घेतले, कडेला मोहरी, पावाचा तुकडा. दारातून बाहेर पडून त्यांनी रस्ता ओलांडला, ताटली एलिसच्या हातात दिली आणि परत आल्या. एलिसनी उभ्या उभ्या सगळं खाल्लं. नंतर ताटली परत द्यायला ते दारापर्यंत आले आणि हॉरेसनं ती उंबऱ्यावरच घेतली.

"हसू नका," त्या आत येऊन म्हणाल्या. "त्याच्या बापानं पिऊन घर विकलं होतं. तो जिथे उभा आहे तिथे नीट उभा आहे."

मग त्या माझ्या शेजारी येऊन बसल्या. बाकीचे बोलण्यात होते. त्यांनी चहाचा कप दोन्ही हातांत धरला आणि हळूच म्हणाल्या, "वास येतोय का रे तुला?"

"कसला?"

"बियरचा. छान वास आहे."

मी मोहरीचा वाडगा उगाच जवळ ओढला.

"लहान असताना वडील मला रिकामा जग देऊन इथे पाठवायचे, संध्याकाळची बियर आणायला. मागच्या खिडकीतून मिळायची. घरी नेता नेता मी एक घोट घ्यायची. मग दोन. पुढे पुढे इतकी की वडिलांना वाटायचं पबवाला माप मारतो. तेव्हाच चॅपलमध्ये शपथ घेतली. मला तो वास अजून आवडतो, सिरिल. म्हणून पलीकडून जाते."

"लोकांना वाटतं तुम्ही नाक मुरडता."

"वाटू दे. नाक मुरडणं सोपं असतं, खरं कळण्यापेक्षा ते वाटलेलं परवडलं. आणि ही फीत तुम्हाला दाखवायला नाही, खाली मान घातली की मला दिसावी म्हणून आहे."

तेव्हा, मला कुठून धीर आला कोण जाणे, मी त्यांना शब्दकोशातलं सगळं सांगितलं. सँक्टस म्हणजे काय, जुन्या काळी तो शब्द भल्या माणसाला कसा लावत, मग त्याचा टोमणा कसा झाला. बोलताना अडखळलो, पण शेवटपर्यंत गेलो. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

"सेथला हे ठाऊक होतं?"

"नाही. फक्त मला."

"मग असू दे." त्या युफोनियमकडे बघत होत्या. "त्यानं चिडवायला दिलं होतं नाव. चिडवायचंच राहू दे. भली-बिली नको करू मला, आता ऐकायला तो नाही."

पुढच्या रविवारी चॅपलहून येताना त्या खांबापाशी आल्या आणि रस्ता ओलांडून पलीकडे गेल्या, नेहमीसारख्या. पॅकहॉर्सच्या खिडकीत ग्लास वर झाले. पण त्या दिवसापासून बँडवाले ते उभं राहून करायचे. बाहेरच्या गावच्या कुणी येऊन विचारलं, "ही निळी फीतवाली कोण?" तर उत्तर मिळायचं, "ती? आमची सँक्टी." त्या उत्तरात 'आमची' या शब्दावर किती जोर असायचा ते लिहून दाखवता येत नाही. एलिसनी नियम बदलला नाही आणि त्यांना कुणी बदलायला सांगितलंही नाही. बँडचं माणूस गेलं की हॅम पॅकहॉर्सच्या मागच्या खोलीत, चॅपलच्या बायकांसकट, हे मात्र ठरूनच गेलं. हॉरेसनं त्यासाठी मोठी किटली घेतली.

मिस मिडग्ली त्यानंतर बरीच वर्षं होत्या. आमचं बोलणं फार वाढलं असं नाही. राख पडायची, बश्या वाजायच्या. मी बाहेर दिसलो तर त्या हवेबद्दल बोलायच्या, मी हो म्हणायचो.

शेवटचं बोलणं अंगणातल्या भिंतीवरून झालं. शनिवार होता. त्या कपडे वाळत घालायच्या दोरीला धरून उभ्या होत्या, जरा दम लागल्यासारख्या.

"सिरिल, उद्याला हॅम उकडतेय. एकटीला संपत नाही. तुला देईन थोडं."

"कशाला त्रास, मिस मिडग्ली."

"त्रास कसला. मोहरी आहे ना घरात?"

"आहे."

"मग झालं तर."